दहा लिटरला

पहिला आठवडा: टायरमधली हवा.
बत्तीसऐवजी छत्तीस.
दुसरा: एसी सव्वीसवर, पंखा एकवर,
घाम मानेवरून पाठीत उतरेपर्यंत.
तिसरा: शंभरऐवजी नव्वद.
मागचा पांढरा लँड क्रूझर दिवे उघडझाप करत
माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करतो.

एका वेळी एकच बदल.
प्रयोगशाळेत तरी दुसरं काय करते मी?
प्रवाहमापकांना खरं बोलायला शिकवते.
तिथल्या नळीतून तासाभरात जे तेल जातं
त्यावर ही गाडी
माझी पणतवंडं म्हातारी होईपर्यंत चालेल.
आणि इथे मी थेंब मोजते.

सारहून खोबर, पहाटे पाच पन्नास.
पंचवीस किलोमीटर पूल,
दोन्हीकडे उथळ, दुधी काचेसारखा समुद्र.
मधल्या बेटावर पासपोर्टची रांग.
आजूबाजूची इंजिनं घरघरत उभी,
माझं गप्प.
बॅटरीवर वीतवीत पुढे होते मी,
ओट्यावरच्या मांजरासारखी.
पुढे पुलाला कमान आहे. चढावर अंगठ्याइतका जोर,
उतारावर पाय काढून घ्यायचा,
की पडद्यावरचे बाण उलटे फिरतात,
चाकांकडून आत.
गेलेलं परत येतं.
सगळं नाही.

विनीत म्हणाला, इथे जय्यद पेट्रोल, पाण्याचा भाव,
वाचवून वाचवून वाचवलंस किती?
हिशेब मांडला.
महिन्याला तीन दिनार.
"सहा शोरमा," तो म्हणाला. "त्यासाठी घामाघूम."

त्याला तो फळा माहीत नाही.
देवरुख डेपो, चौकशीच्या खिडकीशेजारी,
खडूने लिहिलेली चालकांची नावं
आणि समोर, दहा लिटरला किती किलोमीटर.
गोताड द. बा. साडेसेहेचाळीस.
वरून दुसरे. कायम दुसरेच.
पहिल्या शिर्क्यांना सपाटीची ड्युटी मिळते, आई म्हणायची.
बाबा काही म्हणायचे नाहीत.
घरी आले की चपला काढण्याआधी
गॅस बारीक करायचे.

फोनवर बाबा तीन वाक्यांचे.
जेवलीस का. उकडतं का. ठेवतो.
एकदा मी उगाच बोलून गेले,
"बाबा, लिटरला चोवीस पडले आज."
पलीकडे खुर्ची सरकली.
"वारा कुठून होता?"
बघितलं नाही, म्हटलं.
"मग काय मोजलंस?"

तेव्हापासून रोज रात्री साडेआठला फोन.
वहीत वाऱ्याचा रकाना.
सकाळी शमाल तोंडावर: वीस.
संध्याकाळी तोच पाठीशी: सव्वीस.
टायर तेच, पाय तोच.
माझ्या तीन आठवड्यांचं कसब
वाऱ्याने एका दिवसात करून दाखवलं
आणि पुसूनही टाकलं.

"सरासरी काढ," बाबा म्हणाले.
चोवीस. थोडी वरच.
"म्हणजे दहा लिटरला दोनशे चाळीस."
मग नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.
मी थांबले होते. शाबासकीसाठीच, खोटं कशाला बोलू.

"गाडीत कोण असतं?"

मीच, म्हटलं.

"हां. माझ्यात पन्नास असायची.
बाजाराच्या दिवशी कोंबड्या धरून."

रविवारी लिसम्माला घेतलं,
खोबरच्या दवाखान्यातली, दोन इमारती सोडून राहणारी,
रोज बसच्या वेळेशी झटणारी.
पूर्ण पूलभर ती मुलाच्या दातांच्या तारेबद्दल बोलत होती,
किती खर्च, किती वर्षं, झोपेत काय काय चावतो.
कमान कधी गेली कळलं नाही.
उतारावर पाय काढायचा राहिला.
बाण कुठे फिरले, बघितलंच नाही.

पोचल्यावर आकडा: बावीस पूर्णांक सात.
वहीत नवा रकाना ओढला. माणसं.
त्यात लिहिलं, दोन.

रात्री बाबांना सांगितलं.
"उतरला," ते म्हणाले,
आणि आवाज नेहमीपेक्षा मोकळा होता, की मलाच वाटलं.
मग खाकरून:
"तिच्या डब्याच्या पिशवीचं वजन धरलंस का?"